सायकलच्या पोटातला एक्सल

सायकल घेताना त्याची चौकशी कुणी करत नाही. लोक रंग बघतात, गिअर मोजतात, ब्रेक दाबतात. हा मात्र फ्रेमच्या तळाशी, नळ्या जिथं एकत्र येतात त्या आडव्या नळकांड्यात गपगुमान बसलेला. जेमतेम बारा सेंटीमीटरचा पोलादी दांडा, दोन्ही टोकं चौकोनी. मिस्त्री त्याला बीबी एक्सल म्हणतात.

वाघबिळाहून पन्हाळ्याची चढण लागली की त्याचा कस लागतो. उजव्या पायाचा जोर क्रँकमधून थेट चेनरिंगला मिळतो. डाव्या पायाचा जोर मात्र याच्या अंगातूनच पलीकडं जातो. उभं राहून पायडल मारणाऱ्याचं अर्धं बळ हा स्वतः पिळवटून घेऊन पोचवतो.

स्वभावानं तो कमालीचा काटेकोर आहे. जुन्या माउंटन बाइकमध्ये त्याची लांबी कुठं 113 मिलिमीटर, कुठं 118, कुठं 122.5. नुसत्या नजरेला सगळे सारखेच. जाड टायरला जागा देण्यासाठी मागच्या चाकाकडं जाणाऱ्या नळ्या फाकवलेल्या असतात, म्हणून हा रस्त्यावरच्या सडपातळ सायकलीपेक्षा बहुधा लांब लागतो. आखूड बसवला तर क्रँक किंवा लहान चेनरिंग त्या नळीला घासतं. लांब बसवला तर मागच्या मोठ्या चक्रावर चेन तिरकी पडते आणि ऐन घाटात करकरते. 118 च्या जागी 122.5 घातला तर चेनरिंग बाहेर सरकतं फक्त सव्वादोन मिलिमीटर, पण तेवढ्यानंही चेनची रेघ बिघडते.

ही रेघ मोजता येते. सीटच्या नळीपासून मधल्या चेनरिंगच्या दातांपर्यंत अंतर घ्यायचं, त्यात नळीची अर्धी जाडी मिळवायची. नळी 28.6 ची असेल तर 14.3. बेरीज साडेसत्तेचाळीसच्या आसपास आली की तीन चेनरिंगांच्या पुष्कळ जुन्या सायकलींचं गणित जमलं. पुढं अशा सायकलींत 50 चं मापही रुळलं.

पण लांबी म्हणजे सगळं नव्हे. याची टोकं दोन अंशांनी निमुळती असतात आणि क्रँक त्या उतारावर चढून घट्ट बसतो. जपानी आणि युरोपी मापांत उतार तोच, टोकाची जाडी वेगळी. युरोपी क्रँक जपानी एक्सलवर घातला तर साधारण साडेचार मिलिमीटर बाहेरच अडतो. उद्यमनगरात लेथवर टेपर काढणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्याची दुखणीही ठरलेली. बोल्ट ढिला झाला की पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला 'कट्' असा आवाज येतो. तसंच दामटत राहिलं तर पोलादी टोक ॲल्युमिनियमच्या क्रँकचं भोक गोल करून टाकतं, मग कितीही आवळा, क्रँक धरत नाही. दुसरं दुखणं पाण्याचं. 2019 आणि 2021 च्या महापुरासारखं पंचगंगेचं पाणी सायकलीवरून गेलं की नळ्यांत शिरलेला गाळ उतरून याच्याच भोवती साचतो आणि छर्रे खरखरायला लागतात. तेव्हा वरून तेल सोडून भागत नाही, उघडावंच लागतं. उघडताना ध्यानात ठेवायचं: बहुतेक माउंटन बाइकमध्ये चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेनं फिरवला तरच सुटतो.

बदलायची वेळ आलीच तर जुना भंगारात टाकण्याआधी त्याला टोकापासून टोकापर्यंत व्हर्निअर लावा, नळकांड्याची रुंदी 68 आहे की 73 तेही बघा. क्रँक तोच राहणार असेल आणि चेन आजवर सरळ धावत असेल, तर लांबीही तीच ठेवा. क्रँक नवा असेल तर त्याला कोणती लांबी लागते ते आधी विचारा. एवढा मान राखला तर तीस वर्षांची सायकलही करकर न करता जोतिबाचा डोंगर चढते.