परत आलं का?

मंडळी, आम्हा पनवेलकरांना 'बॅकअप घ्या' असं निराळं सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला गाढीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा कागदांचा लगदा झालेला बऱ्याच जणांनी पाहिलाय. ह्यांच्या वह्या वाचल्या. हे गेल्यावर मी त्या स्कॅन करून घेतल्या, एक प्रत भाच्याच्या जुन्या मॅकवर ठेवली.

भाचा बॅकअपच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहितो. म्हणजे रोज रात्री कॉम्प्युटरच कॉम्प्युटरची परीक्षा घेतो! मी आयुष्यभर पेपर काढलेली बाई, त्यामुळे विचारलंच, "प्रश्न काय काढतोस रे?"

तो म्हणाला, "मावशी, प्रत घेतली का हा प्रश्नच नाही. परत आली का, हा आहे." परत आणायचं ते कोऱ्या फोल्डरमध्ये. जुन्यावरच आणलं तर तिथे आधीपासून असलेलीच फाइल 'परत आली' म्हणून खपून जाते. मग प्रत्येक फाइलचा हॅश ताडायचा. हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा. एक अक्षर हललं की ठसा बदलतो. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की मुद्दाम एक प्रत बिघडवून द्यायची. त्यावर सॉफ्टवेअरने ओरडलंच पाहिजे. (कुणालाच नापास न करणारा पेपर काय कामाचा?)

गिटलॅब या मोठ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप बघितला तर निघतच नव्हता, आणि तसं कळवणाऱ्या ईमेलही पोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं.

मग आमच्या वह्या परत आणून पाहिल्या. यादी म्हणाली, 'किनाऱ्यावरून' गायब! माझ्या पोटात गोळा. हे अलिबागला होते तेव्हाची ती वही. फोल्डरमध्ये तर डोळ्यांना दिसत होती. भाच्याने खोदून काढलं. त्या जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही व्यवस्था फाइलच्या नावातला 'ऱ' फोडून 'र' आणि खालचा नुक्ता असे दोन भाग ठेवते. दिसायला तेच, ताडणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र दोन वेगळी नावं. म्हणजे वही शाबूत, परीक्षकच चुकला! आता तो नावं एका साच्यात आणून मगच ताडतो. आतला मजकूर मात्र जसाच्या तसा.

"मावशी, हे नाव माझ्या पेपरात घालू?" त्याने विचारलं. घाल म्हटलं. आता रोज रात्री त्याच्या चाचणीत 'किनाऱ्यावरून' नावाची एक फाइल जाते आणि परत येते. आत काही नसतं म्हणे, नुसती नावाची.