नेमका बेसूर

मोझार्टची ‘म्युझिकल जोक’ वाजवणं मला त्याच्या कितीतरी गंभीर रचनांपेक्षा कठीण वाटतं. १४ जून १७८७ ही तारीख त्याने स्वतःच्या नोंदवहीत तिच्यापुढे घातली आहे. दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं, एवढाच मेळ. शेवट मात्र विलक्षण. हॉर्न पांढरी चारमध्ये, पहिलं व्हायोलिन पांढरी पाचमध्ये, दुसरं पांढरी सहामध्ये, व्हायोला काळी दोनमध्ये, चेलो काळी पाचमध्ये. आणि प्रत्येकजण आपापल्या षड्जावर ठामपणे येऊन थांबतो!

इथे आपल्या पट्टीतून जराही ढळायचं नसतं. शेजारच्या सुराकडे कान आपोआप ओढला जातो, बोट किंचित सरकतं, आणि मग उरतो निव्वळ गोंगाट. पाच पट्ट्यांची टक्कर ऐकूच येत नाही. म्हणून तालमीत आम्ही प्रत्येकाचा शेवट आधी सुटा, अगदी सुरेल घोटतो आणि मगच एकत्र वाजवतो.

थट्टा वादकांची आहे असं समजून काहीजण ही रचना मुद्दाम गबाळी वाजवतात, तोंडं वेडीवाकडी करतात. मला ते मुळीच पटत नाही. मिन्युएटमधले हॉर्नचे चुकार सूर सोडले, तर मोझार्ट थट्टा करतो ती सुमार रचनाकाराची. या रचनाकाराला सुचतं थोडं, लांबवायचं असतं फार. फ्यूगचा थाट मांडतो आणि तो पुढे नेता येत नाही. संथ भागात व्हायोलिनला एकट्याला वर वर चढवत नेतो. शेवटी तर पूर्ण स्वरांच्या सारख्या अंतरांनी, म्हणजे सा रे ग नंतर तीव्र मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद अशा चालीने, की षड्जाचं घरच हरवतं. ते हरवणं मी भक्तिभावाने वाजवते. माझ्या चेहऱ्यावर हसू दिसलं, तर श्रोत्याचं हसू गेलंच.

थट्टा दुसऱ्याच्या चालीची असेल आणि श्रोत्याला मूळ चाल ठाऊक नसेल, तर विडंबन पोचत नाही. सां-साँसने १८८६ मध्ये ऑफेनबाखचा कॅनकॅन हा धावता नाच कासवांची चाल दाखवण्यासाठी कमालीचा संथ केला. तो वाजवण्याआधी मी मूळ लयीतला कॅनकॅन ऐकवते. गंमत समजावून सांगत बसण्यापेक्षा ते बरं.

अशा मैफलीला आलात, तर पाश्चात्त्य संगीत श्वास रोखूनच ऐकायचं, हा समज दाराबाहेर ठेवा. हसू आलं तर दाबू नका; मंचावर आम्हाला ते ऐकू यायला हवं असतं.