फुकट आणि मुक्त
आपल्या मराठीत फुकट आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द आहेत, हे बरंच आहे. २०१५ साली फेसबुकने भारतात ‘फ्री बेसिक्स’ आणलं. डेटा फुकट, पण ठराविकच साईट्स उघडणार. म्हणजे ग्रंथालयात प्रवेश मोफत, पण कपाट एकच उघडं! ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने अशा भेदभावाच्या दरांना मनाई केली, ते योग्यच झालं. याउलट लिनक्स बघा. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टॉरवाल्ड्सने ते सुरू केलं. त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं त्यावरच संगणक शिकतात. म्हणून शाळेला कुणी फुकट ॲप देऊ केलं, तर शिक्षक-पालकांनी आधी विचारावं : मुलांची माहिती कुठे जाते? उद्या हे बंद पडलं, तर आपलं काम आपल्याला परत मिळेल का?