वाट पाहणे दोघांचे

विवाहसंस्काराने दोघे एक होतात. पाळणा हलला नाही की बोट मात्र एकटीकडेच वळते. आमच्या विवाहाला चार वर्षे होईतो नोव्हेना दोघांचा होता, पण पथ्ये, औषधे आणि तपासण्या पत्नीच्याच वाट्याला आल्या.

अखेर एका वयोवृद्ध डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांना समोर बसवले. स्त्रीबीज जेमतेम २४ तास जगते, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढेच महिन्यातील फलदायी दिवस. ते ओळखण्याची डॉ. जॉन बिलिंग्ज यांची पद्धत पाळणा लांबवण्यासाठी म्हणून परिचित आहे. ती अपत्यप्राप्तीसाठीही तितकीच उपयोगी. योनिस्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा झाला की ते दिवस आले असे समजावे.

सुमारे निम्म्या जोडप्यांत अडचणीत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. वीर्यतपासणी सोपी आहे. ती आरंभीच व्हावी. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. आज सोडलेल्या तंबाखूचे फळ तेव्हा दिसते. वर्षभरात यश न आल्यास, पत्नीने पस्तिशी ओलांडली असल्यास सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे.

लूकच्या शुभवर्तमानात प्रार्थना ऐकली गेल्याचा निरोप देवदूत जखऱ्याला, म्हणजे पतीला देतो. आमचा पाळणा अद्याप रिकामाच आहे. वाट पाहणे मात्र आता दोघांचे झाले आहे.