दाबाची नथ

उद्यमनगरातल्या आमच्या पेंटर मिस्त्रींची एक सवय आहे. रंगाचं काम तपासायचं झालं की ते डोळे मिटतात आणि अंगठ्याचं नख रंगावरून सावकाश ओढत नेतात. नख कुठं अडलं नाही तर काम झालं. अडलं तर पुन्हा पॉलिशपेपर. त्या दिवशी माझ्या गाडीच्या नाकापुढं उकिडवं बसून त्यांनी बंपर आणि लिप यांच्यामधल्या सांध्यावर नख ठेवलं. ते फिरलंच नाही, फटीत रुतून बसलं. मिस्त्रींनी डोळे उघडले.

"एक करून टाकू काय सायेब? पर एकदा एक केलं की परत सुटं न्हाई व्हायचं. इचार करून सांगा."

विचार करायला मी घरी आलो, त्याला आता सात महिने झाले.

गाडी 2001 सालची होंडा सिटी. व्हीटेक, 106 घोड्यांची, रुपेरी. आमच्या आबांनी नोकरीत असताना घेतलेली. 2003 मध्ये ते मॉडेल बंद झालं, म्हणजे आता तिचा प्रत्येक सुटा भाग हा शोधून आणायचा भाग आहे. आरशासाठी मी पुण्यात नाना पेठेत दोन दिवस हिंडलोय. तशा गाडीला मी पुढून एक लिप लावला. लिप म्हणजे बंपरच्या खालच्या काठाला बसवायची वळणदार पट्टी. सगळी मुलं लिप म्हणतात म्हणून मीही लिप म्हणतो. ओठ म्हटलं तर गाडी काहीतरी बोलेल आणि ते मला ऐकून घ्यावं लागेल, अशी धास्ती वाटते.

या पट्टीला खरं काम असतं. वेगात असताना समोरून येणारी हवा गाडीच्या पोटाखाली शिरते, तिथल्या सतरा खाचाखोचांत अडखळते, गाडीला मागं ओढते आणि तिचं नाक हलकं करते. लिप त्या हवेला दारातच अडवतो. 1973 मध्ये बीएमडब्ल्यूनं 2002 टर्बो काढली. तिच्या पुढच्या पट्टीवर गाडीचं नाव उलट्या अक्षरांत लिहिलं होतं, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आपल्या आरशात ते सुलट वाचता यावं आणि त्यानं बाजूला व्हावं. पण हवेचा हा सगळा कारभार वेगाच्या वर्गानं चालतो. ताशी 120 ला जो परिणाम, त्याचा चौथा हिस्सा 60 ला. रंकाळा तलावाच्या कडेनं 30 च्या वेगात जाणाऱ्या माणसाला तो किती मिळत असेल, याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही. मला ती पट्टी आवडते. गाडी खाली झुकून काहीतरी हुंगत चालल्यासारखी दिसते, एवढं कारण मला पुरतं.

प्रश्न फक्त सांध्याचा. लिप सात स्क्रूंवर बसलाय. फट सगळीकडं सारखी नाही. डावीकडं नख रुततं, उजवीकडं पोस्टकार्ड जातं. 80 च्या पुढं तो बारीक गुणगुणतो. आणि रुपेरी अंगावर ती काळी रेघ अशी उठून दिसते की लावलेली गोष्ट लावल्यासारखीच वाटते.

एक करायचं म्हणजे काय, ते मिस्त्रींनी बोटांवर मोजत सांगितलं होतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा रंग 80 नंबरच्या पेपरनं खरवडून काढायचा. फटीत दोन नळ्यांचा गोंद भरायचा, आतून जाळी द्यायची, बाहेरून लवचीक पुट्टी ओढायची. ती वाळली की 180, मग 320, मग पाणी मारून 600. त्यावर प्रायमर, सरफेसर, रुपेरी बेस आणि शेवटी क्लिअर. रुपेरी रंगाचा स्वभाव निराळाच. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे कण असतात. फवारा ओला पडला की ते एका तऱ्हेनं बसतात, कोरडा पडला की दुसऱ्या, आणि एकाच डब्यातल्या रंगाच्या दोन छटा होतात. म्हणून नुसता सांधा रंगवून भागत नाही. बंपर पूर्ण घ्यावा लागतो, आणि बंपर घेतला की शेजारचे फेंडर जुने दिसायला लागतात.

हे सगळं करूनही दोघांचं जमेल का, हा भाग वेगळाच. आमच्या बंपरच्या पाठीवर, सहसा कुणी बघत नाही अशा जागी, 'पीपी' अशी दोन अक्षरं उमटवलेली आहेत. पॉलिप्रॉपिलीन. घरातले भाजीचे डबे ज्याचे असतात तेच. या प्लॅस्टिकला सहजासहजी काही चिकटत नाही. गोंदाआधी त्याला खास प्रायमर तरी द्यावा लागतो नाहीतर ज्योत दाखवावी लागते. लिप मात्र फायबरचा, कडक. मे महिन्यातल्या दुपारी बंपर लांबीला काही मिलिमीटर वाढतो, डिसेंबरातल्या पहाटे आखडतो. फायबर तेवढ्याच उन्हाथंडीत त्याच्या निम्म्यानंही हलत नाही. दोघांना पुट्टीनं बांधून उन्हात उभं केलं तर भांडण पुट्टीत होतं. एखाद्या वर्षात रंगावर केसासारखी भेग येते, नेमकी जिथं सांधा होता तिथंच. मिस्त्रींनी हेही लपवलं नाही. "हमी न्हाई देत," म्हणाले.

तरीही मन वळत होतं. हा हिशेब मला आधीही कळत होता; नखाला मात्र हिशेब कळत नाही. रोज संध्याकाळी गाडी लावली की माझा अंगठा त्या फटीवर जायचा.

अशातच चुलतबहिणीच्या लग्नात आत्या भेटली. बायका तयार होत होत्या, मी हार घेऊन दारात उभा. नवरीनं आरशात बघून नथ चढवली. दाबाची. बारीकसा चाप नाकपुडीला चिमटा घेतो आणि मोती ओठावर येतात. आत्याचं नाक लहानपणीच टोचलेलं. तिची नथ तारेची. मी सहज म्हटलं, "आत्या, टोचलेलं बरं की दाबाची बरी?"

"तुला रे काय करायचंय?"

मी गाडीचं सांगितलं. आत्या इतकी हसली की हातातली पिन खाली पडली. मग म्हणाली, "दाबाची हरवते, बाबा. माझ्या जावेची कार्यालयात पडली ती आजतागायत सापडली नाही. टोचलेली पडत नाही. पण माझं नाक टोचलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं? आणि भोक बुजलं तरी खूण राहते. गाडी काही नको म्हणणार नाही, म्हणून तू जरा थांब."

नवरी आरशातूनच म्हणाली, "दादा, मला तर फोटो झाले की काढायचीय. दुखते."

मराठीत डाग म्हणजे दागिनाही आणि डाग म्हणजे कलंकही. शेजारी डागडुजी उभीच. हे तीन शब्द इतक्या जवळ का राहतात, याचा उलगडा मला त्या कार्यालयाच्या दारात झाला. अंगावर चढवलं तो दागिना, चुकलं तर डाग, आणि मग आयुष्यभराची डागडुजी.

लग्नाहून आल्यावर मी सात स्क्रू काढून लिप बाजूला ठेवला. आत काय आहे ते विसरलो होतो. बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, खालच्या काठाला, एक वीतभर लांब ओरखडा आहे. गाडी घरी आली त्या आठवड्यात आबांनी ती आमच्या फाटकाच्या दगडी खांबाला घासली होती. तेव्हा दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. आबा आता ऐंशीला आलेत, गाडी चालवत नाहीत. लिप लावून तीन महिने झाल्यावर त्यांनी एकदाच विचारलं होतं, "ते पुढं खाली काय लोंबतंय?"

80 नंबरचा पेपर नेमका त्या ओरखड्यावरून फिरणार होता. लिपनं तो झाकला होता, इतकंच. एक केला असता तर पुसला गेला असता. मला हा फरक सात महिने कळला नव्हता, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आणखी एक गोष्ट तिथंच, फरशीवर बसल्या बसल्या सुचली. एक केलेला लिप इतका बेमालूम बसला असता की बघणाऱ्याला वाटलं असतं, ही गाडी अशीच येते. मग मी लावला काय? मला लिप दिसायला हवा होता आणि लावलेला दिसायला नको होता. या दोन्ही हौशी एका बंपरवर मावत नाहीत. जपानमध्ये केई मिउरा यांच्या 'रॉकेट बनी' या गाडी सजवायच्या किटवर स्क्रूची डोकी उघडीच ठेवतात. लावलंय ते लावलंय.

उरला प्रश्न गतिरोधकाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं तो चांगला रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, पाठ गोलसर. तसा असेल तर माझा लिप अडीच सेंटिमीटर राखून पार होतो. पण आमच्या कॉलनीच्या तोंडाशी आहे तो कुणाच्या तरी रागातून झालाय. रुंदीला दोन पावलं आणि उंची मोजायला मी अजून वाकलेलो नाही. ब्रेक लावला की गाडी आणखी नाक खाली करते. एके दिवशी लिप तिथं तुटणार, हे मला माहीत आहे. स्क्रूवर असेल तर एकटा तुटेल. एक केलेला असेल तर 2001 सालचा बंपर सोबत घेऊन जाईल, आणि तो नाना पेठेतही मिळायचा नाही.

मिस्त्रींकडं गेलो. म्हटलं, एक नको. त्यांनी कुरकुर केली नाही. फटीत बसेल असं रबराचं काळं बीडिंग आणलं, लिप आत-बाहेर सरकवून दोन्हीकडची फट सारखी केली, गंजलेले दोन स्क्रू बदलले. काम अर्ध्या तासाचं. उठताना सवयीनं डोळे मिटून त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं. ते रबराला अडलं.

"लागतंय," म्हणाले.

"लागू दे," मी म्हटलं.

गुणगुणणं थांबलंय. डिकीत आता जॅकशेजारी एक स्क्रूड्रायव्हर आणि सात जादा स्क्रू असतात.