शाळेमागचे दोन कडुनिंब





शाळा सुटताना फाटकापाशी होणारी दुचाक्यांची गर्दी सर्वांनाच ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्या गर्दीत एका लहानग्याच्या पायावरून चाक गेले. म्हणून मागचे दोन कडुनिंब काढून तेथे वाहनतळ करावा, असा प्रस्ताव आम्हीच मंडळापुढे ठेवला होता. जागा मोजली, खर्च मांडला. झाडांचा उपयोग काय, हे मात्र लिहायचे राहून गेले. ते आज लिहितो.

रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदींतून त्यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडे दिसणाऱ्यांना वेदनाशामकाच्या तीव्र मात्राही कमी लागल्या. रुग्ण थोडेच होते, त्यामुळे एवढ्यावरून मोठे दावे करू नयेत. पण पुढील संशोधनाला येथूनच चालना मिळाली.

दुसरा अभ्यास शाळेचाच आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांतील पहिलीच्या मुलांवर तो झाला. २०१५ साली प्रसिद्ध झाला. सहा शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिदोष आला, इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांना. संशोधक याचे श्रेय झाडांना नव्हे, मुख्यतः बाहेरच्या उजेडाला देतात. हे खरेच. पण आपल्या इंदुरात चैत्र-वैशाखात मुलांना उघड्यावर बसवायचे तर सावली हवी, आणि शाळेत ती या दोन झाडांखेरीज कुठेच नाही. वीज गेली की चौथीचे पाढे तिथेच होतात.

होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ साली इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. ते मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. शहर आखण्यासाठी झाडे जाणणारा माणूस बोलवावा, हे शहाणपण आपल्या गावाला शंभर वर्षांपूर्वीच सुचले होते.

म्हणून आम्ही प्रस्ताव मागे घेत आहोत. मात्र गर्दीचा प्रश्न तसाच उरतो. प्राथमिक वर्ग १५ मिनिटे आधी सोडावेत आणि पालकांनी वाहने कोपऱ्यापलीकडे उभी करून चार पावले चालत यावे, अशी नवी सूचना मंडळापुढे ठेवत आहोत. गैरसोय होईल, हे आम्ही जाणतो. पण गैरसोयीवर उद्या दुसरा उपाय काढता येईल. तोडलेला कडुनिंब आजच्या चौथीला पुन्हा सावली देणार नाही.

आपली मते अवश्य कळवावीत, ही विनंती.

— मुख्याध्यापक