उसने भिंग

उसन्या वस्तूला मुदत असते, आणि त्या मुदतीमुळे तिच्याकडे पाहण्याची रीतच बदलते. वडोदऱ्यातील एका निवृत्त गणितशिक्षकांकडे शनिवारी संध्याकाळी शेजारच्या तरुणाचे १०० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग आले; सोमवारी सकाळी ते परत करावयाचे होते. कॅमेरा घरचाच, मुलगा परदेशी जाताना मागे ठेवून गेलेला. गुरुजींच्या उजव्या डोळ्याची दृष्टी काचबिंदूने बरीचशी नेली होती. डाव्या डोळ्याविषयी डॉक्टर जपून बोलत.

किडा प्रत्यक्षात जेवढा, तेवढीच त्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आत उमटावी, हे या भिंगाचे सामर्थ्य. एकास एक हे प्रमाण गणिताच्या माणसाला चटकन उमगले. त्याची किंमत मात्र रविवारी परसात उतरल्यावरच कळली. भिंगाचे तोंड किड्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर न्यावे लागते, प्रकाश चौथाईवर येतो, आणि छिद्र आठ अंकावर ठेवले तर सुस्पष्टतेची खोली एखाद्या मिलिमीटरची उरते. तेवढ्यात श्वास मावत नाही. सत्तरी ओलांडलेल्या हातांचा कंप तर नाहीच नाही.

जास्वंदीच्या पानावर उड्या मारणारा एक कोळी होता. या जातीला आठ डोळे; त्यांतले चार समोर, आणि मधले दोन विलक्षण मोठे. भिंग जवळ येताच तो पळाला नाही, वळून पाहू लागला. गुरुजींनी कॅमेरा खाली घेतला आणि बराच वेळ पुन्हा उचललाच नाही. एडवर्ड हॅमिल्टन एटकन या साताऱ्यात जन्मलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८३ साली पुस्तकरूपाने आलेल्या लेखनात घरातल्या-बागेतल्या अशाच क्षुद्र रहिवाशांची चेष्टामस्करी केली आहे. त्या विनोदाखाली निरीक्षणाची जी चिकाटी आहे तिच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. मराठी ललित गद्यात फुलपाखरे उदंड उडतात. सुरवंट क्वचितच सरपटतो.

दुपारी लिंबावर तो सापडला. पॅपिलिओ डेमोलिअस या फुलपाखराची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून वाचते. शेवटच्या अवस्थेत ती हिरवीगार होते आणि डिवचले असता मानेतून उग्र वासाचे तांबूस, दुभंगलेले शिंग बाहेर काढते. या अळीने खाणे थांबविले होते. कोश करण्याची जागा ती शोधत होती. वारा मात्र थांबत नव्हता, आणि प्रत्येक छायाचित्रात हिरवा पुसटपणा तेवढा उतरत होता. भिंग देताना तरुणाने उपाय सांगितला होता: फांदी कापून खिडकीत आणावी, काही जण तर किड्याला थोडा वेळ शीतकपाटात ठेवतात, म्हणजे तो हलत नाही. पत्नीने कात्री आणून दिली. गुरुजींनी ती हातात घेतली, फांदी कोठे कापावी हेही ठरविले. मग कात्री पायरीवर ठेवून ते पुन्हा गुडघ्यांवर बसले. उजेड जाईपर्यंत त्यांनी अकरा छायाचित्रे घेतली.

रात्री ती संगणकावर मोठी करून पाहिली. अकरांपैकी दोन स्वच्छ होती, आणि दोन्हींत अळीचे टपोरे डोळे रोखून पाहत होते. मग त्यांनी जुने कीटकशास्त्राचे पुस्तक काढले. ते डोळे नव्हेत. शत्रूला भिवविण्यासाठी छातीवर उमटलेले ते ठिपके. खरे डोळे डोक्याच्या दोन्ही कडांना, सहा-सहा, टाचणीच्या टोकाहूनही लहान असतात. उजेड-अंधाराहून फार काही त्यांना दिसत नसावे. ते दोन्ही छायाचित्रांत अस्पष्टच राहिले होते. पत्नीला हाक मारून गुरुजींनी तो अस्पष्ट भाग बोटाने दाखविला.

सोमवारी सकाळी अळी रेशमाचा पट्टा कमरेभोवती घालून फांदीला स्थिर झालेली होती. आता वारा पडला होता, उजेड तिरपा आणि मऊ होता. गुरुजींनी भिंगाची दोन्ही झाकणे लावली, मऊ धोतराच्या तुकड्यात ते गुंडाळले आणि ठरल्या वेळी पोहोचते केले. आणखी आठवडाभर ठेवा, असे तरुण म्हणाला; त्यांनी मान हलवून नकार दिला. घरी येऊन त्या फांदीला त्यांनी लाल दोरा बांधला, कारण हिरव्या कोशाला पानांतून वेगळे काढणे डाव्या डोळ्याला जड जाणार होते.

पुढचे काही दिवस पंचांग वाचण्याचे हातभिंग टेबलावर मिळत नसे. पत्नीला ते लिंबाखाली, उपड्या कुंडीवर ठेवलेले सापडे.